बिनओझ्याचा बैल

१

रविवार म्हणजे नयनचं घर, हे ओमचं ठरलेलं होतं. आठवडाभर पुसदच्या एका खासगी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं, रिपोर्ट छापायचे, शनिवारी संध्याकाळच्या बसनं धरमसिंगच्या तांड्यावर घरी यायचं आणि रविवारी दुपारी दोनच्या ठोक्याला मोटरसायकलला किक मारून फुलसावंगी गाठायची. तांड्यापासून गाव तीन किलोमीटर. शाळेत असताना ओम हे अंतर पायी तोडायचा, तेव्हापासूनची ही दोस्ती. आता दोघांनाही सत्ताविसावं लागलं होतं, दोघांचीही लग्नं जमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याचं फारसं दुःख नव्हतं.

नयन म्हणजे वामनरावांचा एकुलता एक. शेती चांगली करायचा आणि जेवायचा त्याहून चांगला. मैनाबाई भाकरी थापायला बसल्या की आधी चार नयनच्या, मग उरलेल्या घराच्या. "माह्या पोराच्या पोटात विहीर हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत आणि विहिरीचा मालक दात काढून हसत असे.

खेळायची जागा माडीवरची कापसाची खोली. वेचणी सुरू झाली की गाडी भरेपर्यंत कापूस तिथंच रचून ठेवत, पार छताला टेकेल इतका. त्या खोलीत आवाज मरतो. ओरडलं तरी शेजारी कुणी कुजबुजल्यासारखं वाटतं. मधोमध एक चटई, चटईवर नयनचा लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये जुन्या काळच्या लढायांचा तो खेळ, कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेला. सात राज्यं होती. त्यातलं एक आपलं म्हणायचं आणि दुसऱ्याची धूळधाण करायची.

खरा वेळ निवडण्यातच जायचा. नयनचं ठरलेलं होतं. "हत्ती म्हणजे हत्ती. बाकी सारे उंटावरचे शहाणे." ओम मात्र दर वेळी नवं काहीतरी घ्यायचा. कधी घोडेस्वार, कधी रथवाले, कधी समुद्राकाठचे भालेवाले. प्रत्येकाचे गुणदोष वाचायचे, कागदावर टिपून घ्यायचे, भरपूर डोकं खाजवायचं आणि शेवटी हरायचं. सलग सहा रविवार तो असा अभ्यास करून हरला होता.

त्या रविवारी निवडीचं पान उघडलं तर चित्रं आठ होती.

आठव्या चित्रात राजा नव्हता, झेंडाही नव्हता. पोती लादलेल्या बैलांची एक लांब रांग होती आणि रांगेच्या पुढे एक मोकळा बैल. पाठीवर काही नाही, गळ्यात कवड्यांची माळ. खालची नावाची जागा कोरी होती.

"नवीन आलं असन. अपडेट," नयन म्हणाला.

"अपडेट कुठून येईन बे? या खोलीत फोन तरी लागते काय?"

नव्हताच लागत. ओमनं बाण त्या चित्रावर नेला आणि घंटा वाजली. एकदाच. लॅपटॉपचा आवाज बंद होता, हे त्याच्या जरा वेळानं ध्यानात आलं. शिवाय घंटा पुढून वाजली नव्हती, पाठीमागच्या कापसातून वाजली होती. पण या खोलीत आवाजाचं काही खरं नसतं, असं म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला.

"हे तं आमचे लोक होय बे," तो म्हणाला. आपले पूर्वज बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, हे तांड्यातल्या प्रत्येक पोराला पाळण्यातच कळतं. परगावच्या बाजारात अचानक घरचं माणूस भेटावं तसा ओमला आनंद झाला. त्यानं कागद बाजूला ठेवला, एक अक्षरही वाचलं नाही आणि आठवं चित्र दाबलं.

२

या राज्याला किल्ला नव्हता, सैन्य नव्हतं. पडद्यावर फक्त बैलांची रांग होती आणि दोन वाटा. एक वाट नयनच्या शहराकडे जाणारी, दुसरी नाल्यापलीकडे. एरवी तिसरा भिडू म्हणून कॉम्प्युटर सातांपैकी एक राज्य घ्यायचा, त्याचं नाव-निशाण वर झळकायचं. आज नाल्यापलीकडे नुसते तंबू होते. माणूस एकही दिसत नव्हता.

ओमला दोनच हुकूम देता येत होते. माल शहराला, माल तंबूंना. पहिला तासभर त्यानं दोघांना सारखा दिला. बैल जात होते, येत होते. नयनचे बाण त्यांच्या डोक्यावरून जायचे पण एकही बैलाला लागायचा नाही. मोकळा बैल सगळ्यांच्या पुढे, ओमच्या हुकमाची वाट न बघता, आपल्याच चालीनं चालायचा.

"हे काय लढाई हाय?" नयन जांभई देत म्हणाला. "किराना दुकान हाय हे."

सहा रविवारचा राग माणसाच्या पोटात असतोच. ओमनं शहराची वाट बंद केली आणि सगळा माल तंबूंकडे वळवला. काही वेळ काहीच झालं नाही. मग नयनचे हत्ती एकेक करून पुढचे गुडघे मोडून खाली बसायला लागले.

"हत्ती बसले बे! अबे, हे असं करताच येत नाई!"

"उपाशी हत्ती बसनारच ना, लेका."

ओम इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. नयननं त्याला ठेवणीतल्या चार शिव्या दिल्या आणि हरलो म्हणून कबूल केलं. खेळ तिथंच राखून ठेवला. बंद करता करता ओमला वाटलं, तंबू मघापेक्षा वाढलेत. पण त्यानं मघाशी ते मोजले कुठं होते?

चारच्या सुमारास मैनाबाईंनी खाली जेवायला हाक मारली. भरली वांगी, ठेचा, गरम भाकरी. ओम हाणून जेवला. नयननं दुसरी भाकरी अर्धी मोडली आणि ताट पुढं सरकवलं.

"पोट भरलं, आई."

"तुह्यं? तुह्यं पोट भरलं?" मैनाबाईंनी हातातलं पीठ झटकून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गारच होतं.

३

पुढच्या रविवारी सकाळी ओमनं ही गंमत आपल्या आजोबांना सांगितली. किसनसिंग पंच्याऐंशीचे. घरात सगळे त्यांना दादाच म्हणत. सकाळच्या उन्हात भिंतीला टेकून दोरी वळायची, हा त्यांचा उद्योग. आता त्या दोरीला बांधायला तांड्यात एक बैल उरला नव्हता, सगळीकडे ट्रॅक्टर आले होते. पण हाताला सवय होती. घरात बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालायचं, ते इथं वऱ्हाडीत सांगतो.

मोकळ्या बैलाचं नाव निघालं तशी दोरी थांबली.

"पाठीवर काईच नव्हतं त्याच्या?"

"काईच नाई. कवड्याची माळ होती."

"तो देवाचा. त्याच्यावर ओझं टाकत नाई. तो जिथं बसे, तिथं तांडा उतरे. कोनी त्याले हाकलत नसे." दादांनी डोळे बारीक केले. "तुवा माल कोनाले देल्ला?"

"पयले दोघायले. मंग एकालेच. गेम हाय दादा."

"कोनाले?"

"तंबूवाल्यायले."

"नाव काय त्यायचं?"

नाव ओमला माहीत नव्हतं. पडद्यावर नावाची जागाच नव्हती.

"आपले लोक दोन्ही फौजायले धान्य देत," दादा म्हणाले. "बाजू कधी घेतली नाई. म्हनून आपल्या बैलाले कोनी हात लावे नाई. दोघायले देल्लं तं दोघंबी आपल्याले येनारे-जानारे समजते. एकालेच देल्लं, तं तो आपल्याले त्याचाच मानूस समजते."

"मंग त्यात वाईट काय हाय?"

"काई नाई. एखांद्या दिवशी बंद करून पाह्यजो." एवढं बोलून त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली, पण वळली नाही.

म्हातारी माणसं बोलतात, आपण हूं म्हणायचं असतं. ओम हूं म्हणाला आणि दुपारी खेळायला गेला. शहराची वाट त्यानं त्याही दिवशी बंदच ठेवली. जिंकायची चटक वाईट.

त्या दिवशी नयननं अर्धी भाकरी खाल्ली.

४

तिसऱ्या रविवारी नयननं ताटाकडे पाहून मान फिरवली. चौथ्या रविवारी तो खाटेवरून उठला नाही.

"असं कसं सांगू तुले," तो ओमला म्हणाला. "ताटात दिसते. हातात धरतो तं गरम लागते. तोंडात घातलं की नसते. हवा चावल्यावानी होते बे."

मधल्या आठवड्यात ओमनं स्वतः त्याचं रक्त काढून नेलं होतं. साखर, लिव्हर, थायरॉईड, जे सुचेल ते लावलं. सगळं नॉर्मल. त्यानं मशीन पुन्हा चालवलं. पुन्हा नॉर्मल. यवतमाळला नेऊन डॉक्टरांनी नळी घालून पोट पाहिलं, तिथंही काही सापडलं नाही. वजन मात्र बारा किलोंनी उतरलं होतं. मैनाबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, नवस बोलल्या, आणि तरीही रोज चार भाकरी थापून झाकून ठेवत होत्या. संध्याकाळी त्या भाकरी गाईपुढे जायच्या.

वामनराव मुळात कमी बोलणारा माणूस. ओमला बाहेरच्या पायरीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "ओम, तू तं रक्ताचं काम करतं. तुले तं समजत असन ना काई?"

ओमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रिपोर्ट चांगले हाय काका," तो म्हणाला, आणि आपलंच बोलणं त्याला खोटं वाटलं.

रिपोर्टवर त्याचा विश्वास होता. खेळातल्या हत्तींचा आणि नयनच्या पोटाचा संबंध जोडणाऱ्याला त्यानं लॅबमध्ये हसून वाटेला लावलं असतं. तरी तो पायरीवरून परत फिरला. रुमाल विसरलो असं सांगून माडीवर गेला.

लॅपटॉपचं झाकण दोन आठवडे मिटलेलं होतं. वायर भिंतीपासून काढून गुंडाळून ठेवलेली. बॅटरी केव्हाच मेली असणार. त्यानं झाकण उघडलं तर खेळ चालू होता.

बैल चालले होते. वाट बंद करायचा त्याचा हुकूम अजून जागेवर होता, आणि बैल तो इमानानं पाळत होते. शहरात हत्ती दिसत नव्हते. नाल्यापलीकडे मात्र पडद्याच्या कडेपर्यंत तंबू, आणि कडेच्या पलीकडे सरकवलं तरी तंबूच.

बैल येतात कुठून, हे आपण कधी पाहिलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. तो वाटेनं मागे मागे सरकवत गेला. एक टेकडी आली, मधोमध खाच पडलेली. तांड्यामागच्या टेकडीला अशीच खाच आहे. असते, टेकड्यांना खाचा असतात, ओमनं स्वतःला बजावलं. टेकडीखाली वीस-पंचवीस छपरं होती. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या गवती छपरांमध्ये एका गोठ्यावर निळी ताडपत्री होती, तिच्यावर दगड ठेवलेले.

ती ताडपत्री गेल्या पावसाळ्यात त्यानं स्वतः गोठ्यावर चढून घातली होती.

तो तांड्यावर परतला तेव्हा दादा भिंतीपाशीच बसले होते. ओमनं काही प्रस्तावना केली नाही.

"दादा, आता बंद केलं तं?"

"तं ते जेवायले येईन. त्यायले आता दुसरं घर माहीत नाई."

"अन् नाई केलं तं?"

"मंग तुह्या दोस्ताची आई किती दिवस भाकरी थापते, ते पाह्य," दादा म्हणाले.

५

आठवडाभर ओमचं कामात लक्ष नव्हतं. दोनदा बाटल्यांवर चुकीची नावं टाकली, बोलणी खाल्ली. आपण शिकलेले लोक, असं तो स्वतःला सांगायचा आणि पाचव्या मिनिटाला मैनाबाईंना फोन करून विचारायचा, काही खाल्लं का. काही खाल्लेलं नसायचं.

पाचव्या रविवारी नयनची खाट अंगणात उन्हाला काढली होती. गोधडीतून फक्त चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा वामनरावांपेक्षा म्हातारा होता. ओमला पाहून तो हसला. तेवढं हसू जुनं होतं.

"ओम्या, वर जाऊन राह्यला काय? हत्ती उठते का पाह्य बे."

ओम खाटेपाशी वाकला. "तुले कोनं सांगतलं वर जातो म्हनून?"

"गंमत केली लेका," नयन म्हणाला आणि डोळे मिटले.

एक माणूस इथं अंगणात संपत चालला होता, आणि तो माणूस ओमचा होता. बाकी कशाचीच खात्री नव्हती. ओम जिना चढून गेला.

खोलीत कापूस पूर्वीपेक्षा जास्त वाटला. लॅपटॉप उघडायची गरजच पडली नाही, झाकण उघडंच होतं. त्यानं शहराची वाट उघडली. तंबूंची वाट आपोआप बंद झाली. त्यानं तीही उघडली, तर शहराची मिटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पहिल्या रविवारी दोन्ही वाटा किती सहज उघड्या राहत होत्या! तेव्हा दोघांनाही पुरत होतं. आता तंबू इतके झाले होते की माल एकालाच पुरणार होता.

दगडाखाली हात सापडला की सावकाश काढावा म्हणतात, पण सावकाश काढायला खाली अंगणात वेळ उरला नव्हता. "माफ करा," ओम मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कापसानं शब्द गिळून टाकला. त्यानं शहराची वाट उघडली आणि हात काढून घेतला.

बैल जागच्या जागी उभे राहिले. मग लादलेली सगळी रांग शहराकडे वळली. मोकळा बैल वळला नाही. त्यानं मान फिरवून मागे पाहिलं, जणू कुणी बरोबर येतंय का ते बघावं, आणि तो उलट्या दिशेनं, खाच पडलेल्या टेकडीकडे निघाला. त्याच्यामागे नाल्यापलीकडचा पहिला तंबू खाली बसला. मग दुसरा. मग ओमला मोजता येईनात इतके.

त्यानं झाकण मिटलं. घंटा थांबली नाही. ती समोरच्या कापसातून निघाली, त्याच्या उजव्या हाताच्या भिंतीकडून गेली, दारातून बाहेर पडली आणि एकेक पायरी करत जिना उतरली. ओम चटईवर तसाच बसून राहिला.

खालून नयनचा आवाज आला. "आई, झुनका करून राह्यली काय? वास येऊन राह्यला."

ओम धडपडत खाली आला. मैनाबाई चुलीपुढून उठून हातात ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. वामनरावांनी ताट घेतलं. नयननं घास मोडला, तोंडात घातला, चावला. सगळं अंगण त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला आणि दुसरा घास घेतला.

ओमचा जीव भांड्यात पडला. मैनाबाई रडत होत्या, वामनराव पाठ फिरवून उभे होते, ओम तर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

"तू बी बस ना जेवाले," नयन तोंडात घास घेऊन म्हणाला.

"घरी जातो," ओम म्हणाला. "याडी वाट पाहून राह्यली असन." याडी म्हणजे त्याची आई, पुष्पा. ती वाट पाहते आहे हे त्यानं सहज म्हटलं होतं, आणि म्हणता म्हणता त्याला गाडीची किल्ली सापडेनाशी झाली.

६

साडेचारचं ऊन होतं. वावरात बायका कापूस वेचत होत्या, एकीनं त्याला हात केला. तुरी फुलावर होत्या. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि ओम उगाच गाडी दामटत होता. काही नसणार, तो म्हणत होता. नयन बरा झाला, व्हायचं होतं ते एवढंच. आजारपणं जातात तसं गेलं हे.

तांड्याच्या तोंडाशी रोज गाडीच्या मागे लागणारी कुत्री ट्रॉल्यांखाली बसली होती. एकही उठलं नाही.

घरासमोर दादा उभे होते, डोक्याला लाल पागोटं बांधून. ते लग्नाकार्याला बांधायचं पागोटं. काठीच्या टोकानं त्यांनी दाराच्या पुढ्यातली जागा दाखवली. तिथली माती दबली होती, एखादं भलंमोठं जनावर पाय मुडपून बराच वेळ बसून उठावं तशी. ओमनं वाकून हात लावला. माती उबदार होती.

"इथंच बसला तो," दादा म्हणाले.

आत पुष्पा चुलीपुढे बसली होती. शेजारी भाकऱ्यांची चवड, लग्नातलं मोठं पातेलं उतरवून ठेवलेलं. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. तिनं वर पाहिलं नाही.

"बरं झालं आला. पीठ सरत आलं. शेजारच्या शीलाकून मागून आन जरा."

"याडी, कोन आलं?"

"तुह्येच लोक. तुह्यंच नाव घेतलं. म्हने महिन्यापासून या घरचं खाऊन राह्यलो, आज आलं नाई म्हनून आलो." तिनं भाकरी उलटली. "मागं बसले. मी वाढून राह्यली, अन् ताटं रिकामे येऊन राह्यले. मघापासून हेच चालू हाय."

"किती हाय?"

"मले काय माहीत."

"कसे दिसते? तोंडं पाह्यले काय तुवा?"

"वाकून वाढते मी. तोंडाकडे कोन पाहते?" झोपेत बोलावं तसा तिचा आवाज सपाट होता. तव्यावरून भाकरी उचलताना बोटं तव्याला टेकली, तरी तिनं हात मागे घेतला नाही. ओमनं तिचा हात धरून बाजूला केला. बोटांना फोड आले होते. ती त्याच्याकडे न बघता दुसऱ्या हातानं पीठ मळायला लागली.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. नयनचा मेसेज होता. "सात भाकरी झाल्या बे. आई आता नाई म्हणून राह्यली. तू जेवला काय?"

ओमनं फोन खिशात ठेवला. नयन जेवला, एवढं खरं होतं, आणि ते आता कुणी परत घेऊ नये, एवढीच त्याची मागणी होती. त्यानं आईपुढची भाकऱ्यांची चवड उचलली आणि मागचं दार उघडलं.

गोठ्याच्या मागे सोयाबीन काढून मोकळं पडलेलं वावर आहे, थेट नाल्यापर्यंत. त्या वावरात पंगत बसली होती. घराकडे पाठ करून, मांडीला मांडी लावून, एकामागं एक ओळी, नाल्यापर्यंत आणि नाल्याच्या पलीकडेही. इतकी माणसं असून कुणी बोलत नव्हतं, खोकत नव्हतं. निळी ताडपत्री वाऱ्यानं फडफडली तेवढाच आवाज. सगळ्यांत पुढे, नाल्यापलीकडे, पाठीवर काही नसलेला एक बैल उभा होता. तो तिथं पुन्हा बसला नव्हता. निघायच्या तयारीत असल्यासारखा तो उभा होता.

ओम उंबऱ्यावरच थांबला. हातातली भाकरी पोळत होती.

अगदी मागच्या, त्याच्या जवळच्या ओळीतल्या शेवटच्या माणसाला त्याची चाहूल लागली असावी. त्यानं मान वळवली नाही. घरचं माणूस उशिरा जेवायला आलं की आपण सरकतो ना, तसा तो जरासा बाजूला सरकला आणि शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली.